अटीबाईंचं नाव

अटीबाईंना कुठेही ‘मान्य आहे’ म्हणायची घाई नव्हती. मोबाइलवर गॅस नोंदवायचा झाला तरी खालच्या सगळ्या अटी वाचून मगच त्या बोट टेकवत. तोवर त्यांच्यापुढचा चहा गार होई. मी म्हणे, “अहो, दाबा की. सगळं जग दाबतं.” त्या म्हणत, “जगाला विचारलेलं नाही. मला विचारलंय.”

बिबवेवाडीत आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहत. एका वकिलांकडे तीस वर्षं टायपिंग केलेलं. निवृत्तीनंतर आसपासच्या दुकानदारांच्या वेबसाइट कायद्यात बसतात का, ते बघून देत. अटीबाई हे नाव त्या दुकानदारांनीच ठेवलेलं. त्यांना ते माहीत होतं.

मी चौथी शिकलेली. मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी करून विकते. मुलीनं कॅनडातून मला वेबसाइट करून दिली, तेव्हा अटीबाई ती छापून घेऊन खाली आल्या.

“माल परत घेण्याची ही अट कुणी घातली?”

“मुलीनं.”

“एकदा नेसलेला माल परत घेतला जाणार नाही, असं लिहिलंय. मेतकूट नेसतात का तुमच्याकडे?”

मुलीनं साडीच्या दुकानाचं पान जसंच्या तसं उचललं होतं. भाजणीनं साखर उतरते, हे वाक्यही अटीबाईंनी खोडलं. एका गिऱ्हाईक बाईचं कौतुकाचं पत्र मी तिच्या फोन नंबरासकट लावलं होतं. “तिला विचारलंत?” मी म्हटलं, कौतुकच केलंय तिनं. “कौतुक तुमचं. नंबर तिचा.” तेही गेलं.

मग म्हणाल्या, तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव आणि फोन पानावर लागतो. तक्रार आली की दोन दिवसांत पोच द्यायची, महिन्यात ती मिटवायची.

“माझ्या मालाची तक्रार येत नाही.”

“तरी नाव लागतं. तुमचं घालू?”

“नको. मी भांडते.”

“ते कळलं आहे सगळ्यांना.” आणि त्यांनी स्वतःचं नाव घातलं.

त्यासाठी मी वेगळा फोन घेतला. रोज अकरा ते एक अटीबाई माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर त्या फोनपाशी बसत आणि आलेलं सगळं वहीत उतरवत. एकदा मी वही उघडली. ‘तक्रार : चटणी तिखट नाही. उपाय : मालकीणबाईंना सांगितले. ऐकत नाहीत.’ मी वही मिटून जागेवर ठेवली. चटणी बदलली नाही.

गेल्या वर्षी त्या दवाखान्यात पडल्या. भेटायला गेले तर म्हणाल्या, “पानावरचं माझं नाव काढा. दोन दिवसांत उत्तर देणं आता माझ्याच्यानं व्हायचं नाही.” मी म्हटलं, बघू. आठवड्यानं त्या गेल्या. पुतण्या आला, सामान नेलं, जागा विकली. दारावरची पाटी निघाली, खालच्या टपालपेटीवरचं नाव निघालं. वेबसाइटवरचं तेवढं माझ्या हातात होतं. मी काढलं नाही. फोन बंद करून खणात टाकला. दुपारी कधी ते पान उघडून बघत असे.

चारेक महिन्यांनी एक बाई कात्रजहून बस बदलून थेट दारात आल्या. पिशवीत माझी भाजणी. पाकीट फुटून तिच्यात किडे झालेले.

“चार दिवस फोन लावतेय. तुमच्या तक्रारवाल्या बाईंचा फोन बंदच लागतो.”

“त्या वारल्या.”

“अरेरे. कधी?”

“झाले चार महिने.”

“मग नाव कशाला ठेवलंय?”

एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी ऐकून घेतलं. त्यांना ताजी भाजणी दिली, पाणी दिलं. त्या निघून गेल्या.

संध्याकाळी मुलीला फोन केला. म्हटलं, अटीबाईंचं नाव काढ. तिनं विचारलं, “आता कुणाचं घालू?”

मी विचार करू लागले. शेजारी नवीन आहेत, ते जाता-येता मान हलवतात. बहीण अंथरुणाला खिळलेली. मुलगी लांब. मंडईतली दाणेवाली ओळखीची, पण तिचं आडनाव मला ठाऊक नाही.

“आई, आहेस ना?”

“आहे. माझंच घाल.”

तिनं लगेच बदललं. मी पान उघडलं, माझं नाव नीट लिहिलंय का पाहिलं आणि पान बंद केलं.

आता खणातला तो फोन बाहेर काढून चालू ठेवते. अकरा ते एक त्याच्यापाशी बसते. तो फारसा वाजत नाही. माल चांगला आहे.