दहा किलोची ओढ

माझे अब्बा, वली मिस्त्री, भित्रे होते. बापाबद्दल असं लिहिते म्हणून कोणी नाक मुरडू नये, ते स्वतःच गिऱ्हाइकाला तसं सांगत. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांचं दुकान होतं. फवारणीचे पंप, मोटारसायकली, विहिरीवरची डिझेल इंजिनं, जे येईल ते दुरुस्त करत. गाडी परत देताना ब्रेक तपासायचे, गिऱ्हाईक निघालं की त्याला हाक मारून पुन्हा तपासायचे. अम्मी, म्हणजे कुलसुमबी, म्हणायची, "तुमी मिस्त्री कावून झाले? अत्तर विकाचं होतं." आम्ही घरात उर्दूच बोलतो, पण वऱ्हाडी त्यात इतकी मुरलीय की लिहिताना वेगळी काढणं मला जमत नाही.

अशा माणसाकडे गोवर्धन विमानाचं काम घेऊन आला.

विमान म्हणजे सांगाडाच. गोवर्धन अमरावतीला आयटीआयमध्ये शिकवायचा. अकोट रस्त्यावर त्याच्या वडिलांची, चंद्रभानजींची, कपाशीची शेती. तिथल्या पडीक तुकड्यावर त्याने पाइप जोडून, कापड ताणून, एका भंगारातल्या व्हॅनचं इंजिन बसवून हे उभं केलं होतं. पुढचा पंखा मेळघाटच्या सागवानाचा, त्याने हाताने तासलेला. परवानगी वगैरे कसली नव्हती. इंजिनाची देखभाल करायला त्याला माणूस हवा होता.

"भाऊ, रस्त्यावर इंजिन बंद पडलं तं गाडी ढकलत नेता येते," अब्बा म्हणाले. "वर कोन ढकलीन?"

"म्हणून तं तुमच्याकडे आलो, वलीचाचा. घाबरनारा मिस्त्री पाह्यजे मले."

यावर अब्बा हसले आणि फसले.

विमानाची हत्यारं अकोल्यात कुठून मिळणार? अब्बांनी ती घरी केली. झडपांची फट मोजायला दाढीची पाती एकावर एक ठेवून वापरली. झडपेची स्प्रिंग दाबायला सुताराचा शिकंजा कापून नवीन तोंड लावलं. इंजिनाच्या पोटातला आवाज ऐकायला फवारणी पंपाची नळी कानाला. अम्मीची एक कढई तेल गाळण्यात कायमची गेली आणि त्यावरून आठवडाभर घरात अबोला होता. मला मात्र मजा वाटायची. मी तेव्हा शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते, आणि अब्बा एवढे रमलेले मी कधी पाहिले नव्हते. तरी रात्री ते झोपेत दचकायचे.

सगळ्यांत अवघड काम पंख्याच्या सहा बोल्टांचं. ते ढिले राहिले तर पंखा निसटेल, फार आवळले तर आतलं लाकूड चिरडेल. नेमकं किती आवळलं ते सांगणारा पाना एका मोठ्या गॅरेजात होता, पण ते बाहेर देत नसत. मग अब्बांनी तोड काढली. फूटभर लांबीचा पाना बोल्टला लावायचा, त्याच्या टोकाला ताणकाटा अडकवायचा आणि काटा दहा किलो दाखवेपर्यंत ओढायचं. गोवर्धनने हिशेब करून दिला, बरोबर निघाला. काटा चंद्रभानजींनीच दिला. वेचणीच्या दिवसांत बायांची मजुरी ठरवायला त्यांचा कापूस ज्यावर मोजतात तो, पितळी तोंडाचा. "घरचा काटा हाये," ते म्हणाले, "बापाच्या वेळेपासून." वेचणीसाठी त्यांच्याकडे दुसरा, तसलाच होता.

त्या वर्षांत वऱ्हाडात सकाळचा पेपर उघडायची भीती वाटायची. गावोगावच्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या, रोज एक तरी फोटो. अम्मीने पेपर बंदच केला होता. ती अब्बांना म्हणाली, "बाकीचं मरन काय कमी हाये का? त्या पोराले काही झालं तं लोक पयले कोनाचं नाव घेतीन?" कोणाचं ते तिला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

गोवर्धन आधी विमान नुसतं जमिनीवर पळवायचा, मग माणसाएवढ्या उंचीवर उड्या मारायचा. एका रविवारी तो पहिल्यांदा शेताभोवती पूर्ण फेरी मारणार होता. अब्बांनी आदल्या दिवशी जाऊन सहाही बोल्ट नव्याने आवळले, काटा घेऊन घरी आले आणि म्हणाले, "मी उद्या जात नाही. मले पाहवनार नाही."

रविवारी सकाळी नईम पिंजारी गादीसाठी कापूस घेऊन आला. पाच किलो ठरला होता. अम्मीचा कोणावर विश्वास नाही. तिने अब्बांनी काल आणलेला ताणकाटा खुंटीला लावला, गाठोडं अडकवलं. चार किलो.

"अल्ला का खौफ नहीं तुझे?" अम्मी कडाडली. "एक किलो खाल्ला!"

नईम रडकुंडीला आला. त्याने शपथा घेतल्या, मग सायकलवरून दुकानात जाऊन लोखंडी पाच किलोचं माप घेऊन आला, सरकारी शिक्क्याचं. ते काट्याला लावलं. काट्याने चारच दाखवले.

अम्मी हसायला लागली, नईमही हसला. मी अब्बांकडे पाहिलं. त्यांच्या हातातला चहा पायावर सांडत होता आणि त्यांना कळत नव्हतं.

"फलक," ते मला म्हणाले, "हा दहा दाखोते तवा साडेबारा असते."

मला समजायला एक क्षण लागला. सहाही बोल्ट सव्वापट आवळले गेले होते, आणि ते माझ्या बापाने आवळले होते. गोवर्धनचा मोबाईल लागेना. मी स्कूटी काढली, अब्बा मागे बसले, काटा आणि माप मांडीत. रस्ताभर ते माझ्या खांद्याला धरून कलमा म्हणत होते. मी स्वतः काय म्हणत होते ते आठवत नाही. गाडी एवढी जोरात मी आजवर पुन्हा चालवलेली नाही.

शेत दिसायच्या आधीच आवाज ऐकू आला. विमान वर होतं.

कपाशीत वेचणी चालू होती. बाया कमरेला बांधलेल्या ओट्यातला कापूस तसाच धरून वर बघत उभ्या होत्या. चंद्रभानजींनी टोपी काढून हातात घेतली होती. आशाबाई, गोवर्धनची आई, लाल लुगडं घेऊन उभ्या. ते जमिनीवर पसरलं की इंजिन मंद करून उतरायचं, ही खूण अब्बांनीच ठरवली होती.

"लुगडं टाका!" अब्बा ओरडले.

"कावून?" चंद्रभानजी म्हणाले. "चांगला फिरून राह्यला ना!"

अब्बांनी आशाबाईंच्या हातून लुगडं ओढून घेतलं, आणि तिथेच थांबले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. इंजिन मंद केलं की पंख्याला झटका बसतो. लाकूड चिरडलं असेल तर त्या झटक्यानेच पंखा फुटेल. मंद नाही केलं तर वर, कुठेही, कधीही. "या अल्ला," ते म्हणाले, "दोन्हीकडून मरन हाये." मग त्यांनी लुगडं पसरलं आणि त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसले.

गोवर्धनने पाहिलं. आवाज खाली आला, खडखडला, पुन्हा एकसारखा झाला. आशाबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. मी डोळे मिटले होते, खोटं कशाला सांगू? चाकं जमिनीला लागल्याचा आवाज आला आणि मगच मी श्वास घेतला.

गोवर्धन हसत उतरला. "काय झालं, चाचा?"

इंजिन पुरतं थांबल्यावर अब्बांनी पंख्याच्या मधोमध बोट फिरवलं, मग नख. एका बोल्टापासून दुसऱ्या बोल्टापर्यंत केसाएवढी चीर गेली होती. नख त्यात अडकलं. गोवर्धनने वाकून पाहिलं आणि स्वतःचं नखही त्यात घालून पाहिलं.

अब्बांनी सगळं सांगितलं. माझी चूक, मी काटा तपासला नाही, घरचा म्हटल्यावर विश्वास ठेवला, असं सांगत सांगत त्यांनी झाडाच्या फांदीला काटा टांगला आणि माप लावून दाखवलं. चार.

गोवर्धनने वडिलांकडे पाहिलं. "बाबा, काटा खोटा हाये हे तुमाले मालूम होतं?"

चंद्रभानजी टोपी हातात फिरवत राहिले. काटा अब्बांना कशासाठी हवा होता ते त्यांना नीट कळलं नसावं, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. पण उत्तर त्यांनी दिलं नाही. ते माणिकबाईने दिलं. ती त्यांच्याकडे वर्षानुवर्षं वेचायला येणारी, ओट्यात कापूस घेऊन पुढे आली होती.

"आमाले तं मालूम हाये. बापाच्या वेळेपासून."

आशाबाईंनी पदर तोंडाला लावला.

संध्याकाळी मोजणीच्या वेळी गोवर्धन अब्बांना म्हणाला, तुम्हीच मोजा. अब्बांनी आमच्याजवळचा काटा उघडला, मग वेचणीचा दुसराही. दोन्हींत कमी ताणली जाणारी जाड स्प्रिंग निघाली. ती बदलली, नईमचं माप लावून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं, आणि मग एकेक गाठोडं अडकवायला सुरुवात केली. दर वेळी काटा हलायचा थांबेपर्यंत ते वाट पाहायचे. चंद्रभानजी बांधावर पाठ करून बसले होते.

माणिकबाईचं गाठोडं आलं. तिने काट्याकडे पाहिलंच नाही, अब्बांकडे पाहिलं.

"मिस्त्री, हे पोरगं वर गेलं नसतं तं काटा असाच राह्यला असता ना?"

अब्बांनी होकारार्थी मान हलवली. मग त्यांनी तिचं वजन मोठ्याने सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि पुढचं गाठोडं मागितलं.