हळूबाईच्या फ्रिजचा आवाज

जिन्यातली मंडळी तिला हळूबाई म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते ठाऊक होतं. दार लावताना ती आधी कडी ओढून धरी आणि मग दार चौकटीत असं टेकवी, की झोपलेलं मूल खाली ठेवतेय असं वाटावं. खुर्च्यांच्या पायांना तिने जाड कापडाचे तुकडे चिकटवले होते. लोकांचे कपडे अल्टर करून देण्याचं तिचं काम, पण शिवणाचं मशीन कोपऱ्यात कव्हर घालून बसलेलं. खालच्याच मजल्यावर मालकीणबाई राहत, म्हणून सगळी शिवण हाताने. दुकानदार म्हणे, "बाई, मशीनवर दहा पँटी होतात तेवढ्यात तुमची एक होते." ती म्हणे, "हातशिलाई टिकते."

आपण दुसऱ्याच्या छताखाली श्वास घेतोय, तर तो श्वासही खाली ऐकू जाऊ नये, असं तिला वाटत असे.

घर दाखवतानाच मालकीणबाईंनी सांगितलं होतं, "एकटीच ना? मग हरकत नाही. आजारी माणूस मात्र नको हं. ह्यांचं अंथरूण मी दोन वर्षं काढलं. तो वास, ती भांडी, पुन्हा या घरात नको मला."

"हो, काकू," ती म्हणाली होती. तेव्हा आई चांगली चालतीफिरती होती.

मग आई पडली, खुबा मोडला. मालकीणबाई लेकीकडे गेल्या होत्या, त्या दिवसांत आईला खुर्चीत बसवून दोन हमालांनी वर आणलं. चार दिवसांची पाहुणी, हळूबाईने स्वतःलाच बजावलं. आई काही उठली नाही. पडून पडून माकडहाडापाशी जखम झाली. ती इतकी खोल गेली, की मालकीणबाई देवळात गेल्या असताना पट्टी बदलायला येणाऱ्या नर्सने हवेच्या गादीशिवाय गत्यंतर नाही म्हणून सांगितलं. पलंगाच्या पायथ्याशी एक छोटं यंत्र टांगायचं. ते गादीच्या नळ्यांमध्ये आळीपाळीने हवा भरतं, म्हणजे अंगाचा भार एका जागी राहत नाही. गादी आली आणि जखम भरू लागली. "नवी कातडी धरतेय," नर्स परवाच म्हणाली. "फार जपा आता. कडक काही टोचलं, तर पुन्हा उघडेल, आणि मग ती हाडापर्यंत जाईल."

पण यंत्राला आवाज होता. बारीक, न थांबणारा. एकदा जिन्यात मालकीणबाईंनी गाठलंच. "वरून रात्रंदिवस काहीतरी घूं घूं करतं गं. डोळ्याला डोळा लागत नाही माझ्या."

"फ्रिज, काकू. जुना झालाय." खोटं इतकं सहज बाहेर पडलं, की तिचं तिलाच नवल वाटलं.

तर त्या दुपारी ती खिडकीशी बसून एका कोटाचं अस्तर लावत होती. आई म्हणाली, "मेलं का गं ते?"

"काय?"

"तुझं डबडं. गप्प झालंय."

तिच्या हातातली सुई तशीच राहिली. खरंच, घरात एवढी शांतता कित्येक दिवसांत नव्हती. अशी शांतता व्हावी म्हणून तिने काय काय केलं होतं, आणि आता ती आली तर नकोशी झाली.

तिने पंख्याचं बटण दाबून पाहिलं. लाइट गेली होती. खिडकीतून समोर पाहिलं. समोर दातांच्या डॉक्टरांची खोली होती, तिथे भरदिवसाही ट्यूबलाइट जळत असे. आज तिथे अंधार होता. म्हणजे सगळीकडचीच गेलीय. येईल.

गादी मात्र वाट पाहायला तयार नव्हती. नळ्या सैल पडू लागल्या होत्या. तिने यंत्रापासून दोन्ही पाइप ओढून काढले, दुमडले आणि केसांची रबरं घट्ट गुंडाळून तोंडं बंद केली. तरी हवा कुठून तरी निसटतच होती. मग तिने आईला चांगल्या अंगावर वळवलं, पाठीशी उशा लावल्या. मोडक्या अंगावर आईला निजता येत नसे, आणि एका कुशीवर ती फार वेळ तग धरत नसे.

"उशा काढ गं. खांदा दुखतोय."

"थोडं थांब. लाइट येईल आता."

"तू मला लहानपणी दूध सांडल्यावर असंच सांगायचीस. मांजर येईल आता चाटायला म्हणून."

तिला हसू आलं नाही. शेवटी उशा काढून आईला पाठीवर घ्यावंच लागलं, आणि तिने तळवा आईच्या कमरेखाली सारला. गादीतून पलंगाची फळी हाताला लागत होती, सरळ, निर्दय. तिने हात तिथेच ठेवला. निदान लाकडाऐवजी आपला हात टोचेल.

तेवढ्यात शेजारच्या घरात मिक्सर फिरला.

ती ऐकत राहिली. मिक्सर थांबला, पुन्हा फिरला. समोरचे दातांचे डॉक्टर आज आलेच नसतील. लाइट फक्त आपलीच गेलीय, आणि आपण ती येण्याची वाट बघत बसलोय.

तिने उठून पाहिलं, घरातले सगळे खटके वर होते. म्हणजे खालचा पडला असणार. सगळ्या घरांचे खटके जिन्याखालच्या कपाटात होते, कपाटाला कुलूप आणि किल्ली मालकीणबाईंच्या कमरेला. किल्ली मागावी तर त्या नुसती किल्ली देणाऱ्यांतल्या नव्हत्या. नळ गळला तरी स्वतः वर येऊन, कमरेवर हात ठेवून बघत. तिने फोनवर लिहिलं, काकू, लाइट गेलीय. मग पुसलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं.

"जा ना खाली," आई म्हणाली. "मी काय पळून जाणारे?" मग आवाज उतरवून म्हणाली, "फळी लागतेय गं."

दारावर थाप पडली.

तिने दार वीतभर उघडलं. बाहेर मालकीणबाई, चेहरा टवटवीत, आणि मागे पेचकस घेतलेला वायरमन.

"सापडला गं तुझा आवाज! याला म्हटलं, एकेकाचा खटका पाडून बघ. तुझा पाडला आणि आवाज गप्प. फ्रिजच तो, खरं सांगत होतीस. हा चहाला गेला तेवढ्यात जरा टेकले, तर काय झोप लागली म्हणून सांगू! आणि तू कशी गं अशी? दुसरी कोणी असती, तर एव्हाना खाली येऊन भांडली असती."

"काकू, खटका..."

"आधी फ्रिज दुरुस्त करून घे. पैशाचं बघू नकोस, माझ्या झोपेसाठी करतेय मी."

"खटका आधी वर करा ना. मग बघा."

"तसं नको, ताई," वायरमन म्हणाला. "एवढा आवाज करणारा फ्रिज म्हणजे आतून वायर जळत असेल. उघडून बघितल्याशिवाय मी चालू करणार नाही."

त्या माणसाचं काहीच चुकत नव्हतं. तिचंच खोटं आता पेचकस घेऊन दारात उभं होतं. आतून आई कण्हली. दबून कण्हली, तीही हळूच. लेकीच्या घरात राहून तिलाही ती सवय लागली होती.

मालकीणबाईंची मान वळली. "कोण आहे आत?"

"फ्रिज नाहीये तो," ती म्हणाली. "आई आहे माझी."

तिने दार पूर्ण उघडलं. औषधाचा वास आधी बाहेर आला. मालकीणबाईंनी पदर नाकाला लावला, तसाच धरून त्या पलंगापर्यंत गेल्या. चपटी झालेली गादी, रबर गुंडाळलेले पाइप, पायथ्याचं गप्प यंत्र, सगळं पाहिलं.

"किल्ली घे," त्या वायरमनला म्हणाल्या. "पळ. खटका वर कर."

मग पदर सोडला, कमरेत खोचला. "तू खांदे धर. ओढायचं नाही, कातडी सोलते. उचलायचं." एक हात आईच्या मांड्यांखाली, एक कमरेखाली. हात बरोबर जागी गेले. दोघींनी आईला फळीवरून अधांतरी उचलून धरलं. यंत्र घुरघुरलं. हळूबाईने आईचे खांदे उशांवर टेकवले, पायथ्याशी जाऊन रबरं काढून पाइप जोडले आणि पुन्हा दोन्ही हात लावले. गादी फुगेपर्यंत दोघींनी तसंच धरून ठेवलं. मग हळूबाईने पट्टी उचलून पाहिलं. कड लाल झाली होती. उघडली नव्हती.

"बसा ना हो," आई म्हणाली. "उभ्या उभ्या काय."

मालकीणबाई बसल्या नाहीत. यंत्राकडे बघत म्हणाल्या, "ओळखीचा वाटत होता आवाज. मी म्हटलं, मनाचे खेळ." आणि मग, "सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर ठेवलं असतंत?"

मालकीणबाईंनी विचार केला. "नसतं," त्या म्हणाल्या.

त्या निघाल्या. हळूबाई मागोमाग दारापर्यंत गेली. पुढचं वाक्य आता येईल, आता येईल, म्हणून तिचे कान तापले. घर कधी सोडतेस. किती दिवस हवेत. मालकीणबाई दोन पायऱ्या उतरून थांबल्या.

"पलंगाला टांगू नकोस ते. लोखंडातून सगळं खाली उतरतं. खुर्चीवर उशी, उशीवर यंत्र. ह्यांच्या वेळी मी तसंच ठेवायचे."

एवढंच बोलून त्या गेल्या. त्याचा अर्थ राहा असा होता, की निदान जाईपर्यंत झोपू तरी दे असा, ते तिला कळलं नाही.

ती खुर्ची आणायला वळली. घाईत ओढली. एका पायाचं कापड केव्हाच निघून गेलं होतं. फरशीवर कर्रकन आवाज झाला, सगळ्या घरातून गेला.

ती खुर्ची धरून तशीच उभी राहिली, खालून काही येतंय का ते ऐकत.