धामणगाव बढेला शिकवलेला धडा आणि बाबांनी बंद केलेलं माझं खातं

१८ डिसेंबर २०१७, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. नांदुऱ्यात आमच्या ओट्यावर बसून मी एक चिठ्ठी बारीक फाडत होतो. तिच्यावर फोनवर घरचंच माणूस आहे हे ओळखायचा आमच्या घराचा गुपित शब्द होता: अक्षरं, आकडे आणि मधे एक चिन्ह. बाबा बैलाचं नाव ठेवू म्हणत होते. ते अख्ख्या गल्लीला ठाऊक, म्हणून मी नाकारलं.

बुलढाण्याच्या एका कॉलेजातल्या मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन धामणगाव बढेला सायबर सुरक्षा शिकवायला निघाल्या होत्या. मी बारावी नापास, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. पण फसवणुकीचे फोन कसे येतात ते मला नीट सांगता येतं, म्हणून मलाही बोलावलं. आठवडाभर मी बाबांना समोर बसवून भाषणाचा सराव केला. त्याचं फळ पुढे येईलच.

नांदुऱ्याहून मोताळ्यापर्यंत एसटी, पुढे काळीपिवळी जीप. पुढच्या सीटवर आम्ही चौघं, ड्रायव्हर अर्धा बाहेर. लांबून कापूस पांढराशुभ्र दिसतो. जवळ जाऊन पाहिलं तर बोंडं किडकी. बीटी बियाण्याच्या कापसाला अळी लागत नाही म्हणायचे. जीपमधले एक काका म्हणाले, अळीनं बियाण्याचं पाकीट वाचलंच नसेल. आमचंही पीक अळीनं गेलं होतं. भरपाईचा ऑनलाइन फॉर्म भरायचा तोच शेवटचा दिवस. नांदुऱ्यात सकाळी नेट बंद होतं, म्हणून सगळे कागद प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून सोबत घेतले होते.

धामणगावात मॅडमनी मुरमुऱ्यांचा डबा कुलूप लावून गर्दीतून फिरवला. डबा कुणाच्याही हाती जाऊ दे, किल्लीशिवाय तो बंदच. कूटलेखन, म्हणजे एन्क्रिप्शन, ते हेच. गावात ऑनलाइन सेंटर चालवणाऱ्या अनीसभाईंनी डबा कानाशी हलवला आणि मुरमुरे जुने असल्याचं जाहीर केलं. मग मी बोललो: फोनवर ओटीपी कुणालाच देऊ नका, आवाज ओळखीचा वाटला तरी आधी गुपित शब्द विचारा. टाळ्या पडल्या.

अनीसभाईंकडे भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी झाली. पैसे घेतले नाहीत. तिथेच फॉर्म भरायला बसलो. ओटीपी बाबांच्या फोनवर जाणार होता. विद्यार्थी भोवती जमले, मी फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, ओटीपी आला असंल. सांगा."

"कोन बोलून राह्यला?"

"मी, तुमचा पोरगा."

"ते तर सगळेच म्हनतात. शब्द सांग."

सांगितला. चुकला. मागून माय म्हणाली, अवो, पोरगंच हाय ते. बाबा म्हणाले, आवाज कोनालेही काढता येते, पोरानंच शिकवलं. मी चिन्ह बदलून पाहिलं. मग आकडे उलटे करून पाहिले.

"तीन डाव झाले," बाबा शांतपणे म्हणाले. "आता तुहं खातं बंद." फोन ठेवला. पुन्हा उचललाच नाही.

मॅडम म्हणाल्या, आजचं सगळ्यात चांगलं प्रात्यक्षिक हेच. अनीसभाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाषनाले बाबालेच पाठवायचं होतं बे. तू कायले आला?"

नांदुऱ्यातलं सेंटर सहाला बंद होतं. एका विद्यार्थ्यानं मोटरसायकलवर मोताळ्याला सोडलं, पेट्रोलचे पैसे मॅडमनी दिले, पुढे एसटी. वाटेत ती रेल्वे फाटकाला थांबली आणि मालगाडी संपेचना. मी डबे मोजायचे सोडून नखं खाल्ली.

बाबा ओट्यावरच होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "चेहरा जुळून राह्यला," म्हणाले, आणि फोन हातात दिला. दोघं धावत सेंटरला गेलो. नेट आलं होतं. शटर अर्धं खाली असताना पावती निघाली.

परतताना विचारलं, शब्द नेमका काय होता?

"गल्लीत कायले विचारतं? अन् त्यो शब्द तर गेला. मागं पोट्टे हासून राह्यले होते, मले ऐकू आलं."

खर्च: एसटी जाऊन-येऊन ७० रुपये, काळीपिवळी २०, फॉर्म ३०, एकूण १२०. देणं: मॅडमना पेट्रोलचे ५०. येणं: भरपाई, केव्हा ते ठाऊक नाही. घराचा नवा गुपित शब्द बाबांनी ठरवला आहे. मायला सांगितलाय. मला अजून नाही.