मुख्य पाहुण्याची जागा

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, अकोल्याला असतात. ते कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. दारावरच्या पाटीत 'सेवानिवृत्त' हा शब्द इतका बारीक आहे की तो वाचायला पायरी चढावी लागते.

त्यांचा मुलगा डब्लिनला नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याने आईवडिलांना बोलावले आणि जागोजागचे फॉर्म भरायला मलाही. तिथून पश्चिमेकडच्या तळ्याडोंगरांच्या मुलखात दोन दिवस जायचे ठरले. भाच्याला सुट्टी नव्हती. त्याने पर्यटकांची बस सुचवली आणि तिच्यात पहिल्या रांगेची जागा राखून मिळते, असेही कळवले. ते आईसाठी होते.

ताईला गाडी लागते. पुढे बसली तर नाही, मागे बसली की हमखास. पण आमच्याकडे गाडी केली की ड्रायव्हरशेजारची जागा मानाची. ती कर्त्या पुरुषाची, आणि सोबत जावई असला तर जावयाची. बायका मागे. लग्नापासून भाऊजी पुढे आणि ताई मागे, मांडीवर काळी पिशवी, मुठीत लिंबू. परतवाड्याहून वर चिखलदऱ्याला ती चारदा जाऊन आली. तो घाट तिने अजून पाहिलेला नाही.

"बसनं?" भाऊजी म्हणाले. "आयर्लंडात जाऊन बसनं फिरू? बस तं पातूरलेही जाते."

"मले समोर बसायले भेटते ना तिच्यात," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तू गोळी घे."

विषय संपला. मी अमरावतीहून लॅपटॉप घेऊन गेलो आणि त्यांच्या दिवाणखान्यात बसून सूटबूटवाल्या चालकासह खासगी गाडी नोंदवायला घेतली. त्या कंपनीच्या संकेतस्थळावर गाडीला गाडी म्हणत नव्हते आणि प्रवासाला प्रवास. सगळा 'अनुभव' होता. पाणी साधे हवे की बुडबुड्यांचे? संगीत कोणते? गाडीत ऊब किती अंश? माणसाला डोंगर दाखवायला नेणार, आणि चौकशी डोंगर सोडून सगळ्याची. एका चौकटीत मुख्य पाहुण्याचे नाव मागितले होते. भाऊजींनी ते हुद्द्यासकट सांगितले.

"सेवानिवृत्त लिहू?"

"कावून? तिथं कोण विचारून राह्यलं?"

खाली अटींची दोन पाने होती. मी वाचू लागलो. मी कॉलेजात शिकवायचो, म्हणून त्यांच्या लेखी मी मास्तर.

"ते काय वाचून राह्यले मास्तर? टिक करा. आमी टेंडरं अशीच काढली."

त्यांचे पूल मी पाहिले आहेत, तेव्हा यात मला आश्चर्य वाटले नाही. मी टिक केली.

डब्लिनला ठरल्या सकाळी भाच्याच्या घराखाली लांब काळी गाडी येऊन थांबली. चालक साठीचा होता. काळा सूट, टोपी, हातात पाटी, पाटीवर भाऊजींचे नाव आणि हुद्दा. त्या गल्लीत आमच्याखेरीज चिटपाखरू नव्हते, तरी त्याने ती पाटी आम्ही जवळ पोचेपर्यंत उंच धरली. भाऊजींनी तिच्यासोबत फोटो काढून घेतला आणि सरळ पुढच्या दाराकडे गेले. ताई पिशवीची घडी मोडत मागच्या दाराशी उभी राहिली. गोळी तिने घेतली होती, पण गोळीवर तिचा कधीच विश्वास नव्हता.

चालकाने मागचे दार उघडले. "मुख्य पाहुणे इथे, सर. अटींमध्ये आहे."

भाऊजी माझ्याकडे वळले. "मांगं बायका बसतात. समजवा याले."

"भाऊजी," मी म्हणालो, "कलेक्टर कुठं बसतो?"

दौऱ्यावर आलेल्या साहेबांसाठी मागचे दार उघडण्यात भाऊजींची सारी नोकरी गेली होती. पुढच्या दाराच्या मुठीवर हात ठेवून ते थबकले. एवढा सखोल विचार करताना मी त्यांना त्याआधी पाहिले नव्हते. मग ते मागे जाऊन बसले, आणि चालकाने दार लावेपर्यंत हात मांडीवर ठेवून वाट पाहत राहिले.

राहिली पुढची जागा. ती मोकळी ठेवायची रीत आहे, असे चालक मला म्हणाला. तिच्यावर त्याने टोपी काढून ठेवली होती. मी त्याला ताईचा त्रास समजावू लागलो, तोवर ताई आत जाऊन बसलीसुद्धा.

"हे घ्या भाऊ तुमची टोपी," ती त्याला मराठीतच म्हणाली. त्याने ती मुकाट्याने घेतली आणि डोक्यावर चढवली.

तीन तासांनी रस्ता डोंगरांत शिरला. वळणामागून वळण येत होते. मागून भाऊजींना समोरच्या सीटचे कातडे तेवढे दिसत होते. उत्तम प्रतीचे होते.

"काय दिसून राह्यलं वं समोर?"

त्यांनी पुन्हा विचारले.

"थांबा ना बाप्पा," मान न वळवता ती म्हणाली, "पाहू तं द्या."