ओट्यावरचा बाप

सुखदेव स्वतःच्या मुलीला उचलून घेण्याआधी दाराकडे बघायचा. आधी आपल्या घराच्या दाराकडे, मग गल्लीच्या तोंडाकडे. आबा कुठे दिसत नाहीत अशी खात्री पटली की पटकन वाकून तिला कडेवर घ्यायचा. हा सगळा चोरटेपणा माझ्या ओट्यावर चालायचा, आणि मी शाळेच्या वह्या तपासत असल्याचं सोंग घेऊन तो बघायची.

आबा म्हणजे सुखदेवचे वडील. त्या काळी आमच्याकडे रीत अशी की तरण्या बापाने वडीलधाऱ्यांसमोर आपलं लेकरू घ्यायचं नाही. भावाचं घ्यावं, शेजाऱ्याचं खुशाल खेळवावं, पण आपलं रडलं तरी ऐकूच आलं नाही असं दाखवावं. घेतलं की निर्लज्ज ठरलाच. आजच्या पोरांना हे सांगितलं तर ती हसतात. मलाही तेव्हा हसू यायचं, पण सुखदेवकडे बघून ते फार वेळ टिकायचं नाही.

जुन्या जालन्यात, मस्तगडच्या एका बोळात आमची घरं समोरासमोर होती. मी नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत शिकवायची आणि आईबरोबर एका खोलीत राहायची. समोरच्या दोन खोल्यांत सुखदेव, त्याची बायको कांता, आबा आणि दीड-दोन वर्षांची सुजाता. त्यांचं घर आमच्यासारखंच बौद्ध. आबांनी धम्म घेतला त्या वर्षी घरातले सगळे देव पाटीत भरून नदीवर नेले होते, नवस-उपास बंद केले होते, आणि भिंतीवर बुद्धाची एक तसबीर तेवढी लावली होती. एवढं सगळं निघालं, पण ही रीत काही निघाली नाही. सुखदेव म्हणायचा, "देव गेले बाई, लाज न्हाई गेली. ती पाटीत मावली नसंल."

तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. संध्याकाळी जिनाचा भोंगा झाला की थोड्या वेळाने सायकल ढकलत बोळात शिरायचा. भुवयांत, कानांत, मिशीत कापसाचे तंतू अडकलेले. पंचविशीतला माणूस, पण त्या पांढऱ्या भुवयांमुळे लांबून आबाच येताहेत असं वाटायचं. "कसं काय सुखदेवभाऊ?" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "थकलो बाई." तक्रार म्हणून नाही, दुसरा माणूस "बरं आहे" म्हणतो त्या सुरात. हंगामात एक रविवार सोडला तर सुट्टी नसायची आणि हंगाम सरला की कामच नसायचं. तेव्हा तो हमाली करायला मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, जायचा आणि तिथूनही थकूनच यायचा.

तो यायच्या सुमाराला कांता सुजाताला आमच्या ओट्यावर आणून बसवायची. "बाई, हिला जरा बघा, चूल पेटवायची हाय." मग सुखदेव हातपाय धुऊन पेपर मागायला यायचा. आबांना वाचता येत नसल्यामुळे पेपरवर त्यांचा आक्षेप नव्हता. पेपर तो कधीही उघडायचा नाही. मुलीला छातीशी घेऊन भिंतीला टेकायचा आणि बसल्या बसल्या झोपी जायचा. ती त्याच्या मिशीतला कापूस उपटत राहायची. माझी आई म्हणायची, "ताकाला जाऊन भांडं लपवावं कशाला? सांगावं ना सरळ, पोरगी घ्यायला आलो म्हणून." पण सरळ सांगितलं असतं तर आबांच्या कानावर गेलं असतं.

झोप लागली नाही तर तो मतं सांगायचा. त्याला प्रत्येक गोष्टीवर मत होतं आणि ते सांगताना त्याचा थकवा जरा उतरायचा. रेडिओवरच्या बातम्या ऐकू नयेत. त्या लोकांच्या असतात, आपल्या कधीच नसतात. रविवारी माणसाला कोणी हाक मारू नये. चहात आलं घालणारा माणूस चहापत्ती वाचवत असतो. आणि पोरीवर हात उगारायचा नाही, बिलकुल नाही. "मला आबांनी लई हाणलं. त्याच्यानं मी काही कलेक्टर झालो न्हाई." दुसऱ्या मुलाबद्दल मी एकदा विचारलं तर म्हणाला, "एकीलाच घ्यायला जागा न्हाई बाई. दुसरं कुठं ठेवू, तुमच्या माळ्यावर?"

त्याचा शौक म्हणजे सायकल. रविवारी ती बोळात उलटी करून घासलेटच्या फडक्याने एकेक तार पुसत बसायचा. एकदा त्याने फळीच्या तुकड्यांची एक लहानशी सीट केली, नळीवर बसवायची. तिला जिनातल्या कापसाची गादी शिवली, कांताच्या जुन्या लुगड्याचा अभ्रा घातला. ती सीट माझ्या दारामागे राहायची. आबा दुपारी कलंडले की सुखदेव ती घेऊन गुपचूप कोपऱ्यापर्यंत जायचा, तिथे नळीवर बांधायचा, आणि मागून मी सुजाताला नेऊन पोचवायची. मग बापलेक कुंडलिकेच्या पुलापर्यंत फिरून यायची. परत आल्यावर सीट पुन्हा माझ्या दारामागे.

या लपाछपीची किंमत होती. घरात सुजाताच्या कानावर दिवसभर आबांची हाक पडायची, "सुखदेवा!" तिने तेच उचललं. बापाला ती "सुकदेव" म्हणायची. "सुकदेव आला." सगळे हसायचे, तोही हसायचा. ओट्यावर तो तिला हळूच शिकवायचा, "बाबा म्हण." ती त्याचे गाल दाबून म्हणायची, "सुकदेव." एकदा हसता हसता तो मला म्हणाला, "आख्खी दुनिया सुखदेव म्हणती बाई. हिनं तरी येगळं काही म्हणावं." त्याला आयुष्याकडून तेवढंच हवं होतं असं मला त्या दिवशी वाटलं, आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

मग बाजाराचं प्रकरण झालं. आबा सुजाताला घेऊन आठवडी बाजाराला गेले होते. मिरच्यांचा भाव करता करता त्यांचं बोट सुटलं आणि पोरगी दिसेनाशी झाली. आबा धापा टाकत घरी आले. सुट्टीचा दिवस होता म्हणून सुखदेव घरीच होता. तो, आबा आणि मी, तिघं बाजारात पळालो. शोधत शोधत बांगड्यांच्या ओळीत गेलो तर एका बांगडीवाल्या चाचीच्या मांडीवर सुजाता बसलेली, दोन्ही हातांत बांगड्या. माझा जीव भांड्यात पडला.

चाचीने सुखदेवला विचारलं, "तुम्हारी है?"

"हाँ चाची, मेरीच है."

"ये कौन है तेरा?" तिने सुजाताला विचारलं.

"सुकदेव," सुजाता खुशीत म्हणाली.

चाचीने तिला आणखी घट्ट धरलं. "बाप को कोई नाम से बुलाता क्या? और बाप है तो लेता काय को नहीं? खडा क्या है?"

सुखदेवचे हात निम्मे वर आलेले होते. शेजारी आबा उभे होते. ते हात तसेच थांबले, ना पुढे ना मागे. लोक जमायला लागले. कोणीतरी पोलिसाचं नाव काढलं. सुखदेव आबांकडे बघत होता आणि आबा जमिनीकडे. शेवटी मी पुढे झाले. चाचीची नात आमच्या शाळेत होती, ती मला ओळखत होती. मी सुजाताला घेतलं. घरी येताना मुलगी माझ्या कडेवर होती आणि बापाच्या हातात मिरच्यांची पिशवी.

त्यानंतर काही दिवसांनी आबांना संध्याकाळी फिरायची आवड लागली. भोंगा झाला की काठी घ्यायचे आणि "पाय मोकळे करून येतो" म्हणून निघायचे. गुडघे धरलेला माणूस, जो न्हाणीपर्यंत जाताना दोनदा थांबायचा. परत यायचे ते जेवणाच्या वेळी. कांताला आश्चर्य वाटलं, पण सासऱ्याला विचारणार कोण? सुखदेवने तर विचारच केला नाही. घर मोकळं मिळालं याच आनंदात तो होता. आता तो मुलीला आपल्या घरात घ्यायचा, आपल्या ताटात भरवायचा. आमचा ओटा रिकामा पडला. मला करमेना, हे सांगायला मला लाज वाटत नाही. मी पेपर बाहेर ठेवायची आणि तो तसाच घडीत राहायचा.

एका संध्याकाळी तो बोळ ओलांडून धावत आला. "बाई, बाबा म्हणली! दोनदा म्हणली!" त्याच्या भुवयांत कापूस तसाच होता. हात धुवायचंही त्याला सुचलं नव्हतं. मीही त्याच्याइतकीच हरखले.

थंडी पडली. आबा खोकायला लागले, पण फिरणं चुकवेनात. एकदा शाळेतून यायला मला उशीर झाला. पुलावर आले तर कठड्याला टेकून आबा बसलेले, अंगावर एकच घोंगडी, नदीवरून गार वारं.

"आबा, घरी चला. केवढा गारठा आहे."

"भोंगा होऊन लई येळ झाला का?"

"कधीच झाला."

"मंग बसू द्या थोडं. आत्ता कुठं लेकराला घेतलं असंल त्यानं. मी घरी गेलो की खाली ठेवितो त्यो."

मी तशीच घरी आले. सुखदेव दारात बसून सुजाताला भाकरीचा पापुद्रा भरवत होता. मी त्याला सांगितलं, आबा कुठे बसलेत आणि का बसलेत. त्याने ऐकून घेतलं. हातातला घास सुजाताच्या तोंडात घातला. मग तो उठला, माझ्या दारामागून ती सीट काढली, भर बोळात, सगळ्यांच्या देखत, सायकलच्या नळीवर बांधली आणि मुलीला बसवून निघाला. मला राहवेना, मी मागोमाग चालत गेले.

मी पोचले तेव्हा त्याने सायकल कठड्याला लावली होती. सुजाताला सीटवरून उचलून कडेवर घेतलं होतं. त्याचे कान लाल झाले होते. आबांनी त्याला बघितलं आणि तोंड नदीकडे फिरवलं.

"आबा, घरी चला."

"तू हो म्होरं. येतो मी."

"न्हाई. किती दिवस एकानं आत अन् एकानं बाहेर राहायचं? तुम्ही बी थकले, आबा. मी बी थकलो."

आबा नदीकडेच बघत होते. त्या दिवसांत नदीला पाणी नव्हतंच. मग त्यांनी, मागे न बघताच, एक हात लांब केला. सुखदेवने तो धरून त्यांना उठवलं. एका कडेला मुलगी, एका हाताला बाप. सायकल मी ढकलत आणली.

पण आबा ते आबाच. आपण रीत मोडली असं त्यांनी कधी कबूल केलं नाही. त्यांनी बोळात सांगायला सुरुवात केली की आपली नजर गेली. "दिवस मावळला की मला काही दिसत न्हाई." दिवसा हेच आबा ज्वारीतला बारीक खडा लांबून दाखवायचे. संध्याकाळी मात्र भिंतीकडे तोंड करून बसायचे, आणि त्यांच्या पाठीमागे सुखदेव मुलीला खांद्यावर घेऊन खोलीभर फिरायचा. आवाज न करता फिरायचा. सुजाता खिदळली की आबा विचारायचे, "कोण हाय?" कांता म्हणायची, "कोणी न्हाई आबा, मांजर." आणि आबांची पाठ हसण्याने हलायची.

पुढे तीन-चार वर्षं हे चाललं. सुजाता शाळेत जायला लागली, माझ्याच वर्गात. मग एका उन्हाळ्यात आबा गेले. फार आजारी नव्हते, थकले आणि गेले.

पाहुणे पांगल्यावर एका संध्याकाळी सुखदेव पुष्कळ दिवसांनी आमच्या ओट्यावर आला. हंगाम नव्हता, भुवयांत कापूस नव्हता. सुजाता मागोमाग आली आणि हात वर करून उभी राहिली. "बाबा, घे." तो वाकला, आणि सवयीने थांबला. आधी घराच्या दाराकडे बघितलं, मग गल्लीच्या तोंडाकडे. दार सताड उघडं होतं. भिंतीजवळची आबांची जागा ओट्यावरून स्वच्छ दिसत होती.

त्याने मुलीला घेतलं. ती आता मोठी झाली होती, तिचे पाय त्याच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. तिला घेऊन तो भिंतीला टेकला आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोपला.

"घ्यायला कोणी अडवत न्हाई आता," डोळे न उघडता तो म्हणाला. "पर लाजायला बी कोणी राह्यलं न्हाई, बाई."