परत आणणारं घड्याळ

मित्राला ट्रेकसाठी घड्याळ घ्यायचं होतं, म्हणून मी त्याच्याबरोबर नारायण पेठेतल्या एका दुकानात गेलो होतो. काउंटरवर सत्तरीचे एक गृहस्थ तसलंच घड्याळ निवडत होते. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. विक्रेती त्यांना हवामान, उंची, वादळाची सूचना असं एकेक दाखवत होती.

"ते राहू द्या," ते दर वेळी म्हणत. "निघालो तिथे परत आणणारं बटण कुठलं?"

"कुठला किल्ला करताय काका?"

"किल्ला नाही हो. इथलंच, कसबा पेठेपर्यंत."

बाजार नको त्या गरजा कशा पैदा करतो, यावर मी पत्रकं लिहितो. मित्राला मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "बघ, आता पेठेत फिरायलाही उपग्रह लागतात!"

मित्र हसला. ते गृहस्थही हसले, जरा उशिरा. त्यांनी मनगटावर बांधून पाहिलेलं नवं घड्याळ काढून ठेवलं, मग पुन्हा बांधलं. विक्रेतीकडे वाकून हळूच विचारलं, "याचा आवाज बंद करता येतो ना? परवा मला माझीच गल्ली सापडेना. घरी बोललो नाही. कळलं तर एकट्याला बाहेर सोडणार नाहीत."

माझे कान तापले. तिने आवाज बंद करून दिला.

पैसे देऊन ते पायरीवर उभे राहिले, मनगटाकडे बघितलं आणि डावीकडे वळले. आम्हालाही तिकडेच जायचं होतं. मी मित्राचा दंड धरून त्याला थांबवलं. मागून कुणी बघतंय असं त्यांना वाटू नये, एवढंच आता माझ्या हातात उरलं होतं.