पिशवीतली चड्डी

शाळा सुटली की गेटपाशी मी आधी मुलाकडे पाहायचो नाही. त्याच्यामागे उभ्या असलेल्या दीदीच्या हाताकडे पाहायचो. दीदी म्हणजे नर्सरीच्या वर्गात मुलांचं हवं-नको बघणारी बाई. रोज सकाळी एका निळ्या पिशवीत जास्तीची चड्डी घालून ती पिशवी मी मुलाच्या दप्तरात ठेवत असे. दुपारी ती दीदीच्या हातात दिसली की समजायचं, आजही झालं. कोरडी चड्डी मुलाच्या अंगावर आणि ओली पिशवीत. "भैया, आज भी हो गया," असं ती अगदी हळू म्हणायची, आजूबाजूच्या आयांना ऐकू जाऊ नये म्हणून. तिच्या त्या सभ्यपणाचाच मला जास्त राग यायचा.

बायको बँकेत आहे. तिची बदली लखनऊला झाली आणि आम्ही जूनच्या उन्हात सांगलीहून इथे आलो. वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. माझं काम लॅपटॉपवर चालतं, ते सांगलीत काय आणि इथे काय, सारखंच. त्यामुळे मुलाची शाळा, डबा, ने-आण हे खातं माझ्याकडे आलं. जुलैत त्याची नर्सरी सुरू झाली तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. सांगलीत त्याच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला थांबवून "तुमच्या पिशवीत काय आहे?" असं विचारणारं हे कार्टं. आणि इथे शाळेत ते मूग गिळून बसलं. हिंदी त्याला सगळी कळत होती. कार्टून पाहून पाहून माझ्यापेक्षा बरीच कळत होती. पण वर्गात तोंडातून शब्द फुटेना, आणि ज्याला बोलता येत नाही त्याला सूसू आली हेही सांगता येत नाही.

डिसेंबरात मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. बाई चांगल्या होत्या, उगाच कशाला खोटं बोला. "बच्चा बहुत प्यारा है," त्या म्हणाल्या, "लेकिन पाँच महीने में क्लास में एक शब्द नहीं बोला। टॉयलेट तक नहीं बताता। आप लोग घर में भी हिंदी बोलिए। फ़रवरी के आख़िर तक देख लेते हैं, नहीं तो अगले साल फिर से नर्सरी में बैठा दीजिएगा। और एक बार डॉक्टर को भी दिखा लीजिए।"

डॉक्टर हा शब्द ऐकून मी शाळेच्या गेटबाहेर पडायच्या आतच फोन करून त्या संध्याकाळची वेळ घेतली. बायको शांत होती. ती नेहमीच शांत असते, तेवढा राग मी दोघांचा मिळून करतो. डॉक्टरांनी मुलाला नीट तपासलं, खेळवलं, आमच्याशी मराठीत कुजबुजताना ऐकलं आणि सांगितलं की सगळं व्यवस्थित आहे, धीरज रखिए. धीर ही वस्तू आमच्या घराण्यात कुणालाच मिळालेली नाही. मी घरी आलो आणि त्याच दिवशी फर्मान काढलं, की आजपासून या घरात मराठी बंद.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी लहानपणापासून दुसऱ्यांना ऐकवत आलो आहे. माझी हिंदी म्हणजे "तुमको भूक लगा क्या", "उधर नको जाव". जवळच्या तेलीबाग बाजारातल्या भाजीवाल्यालाही ती समजून घ्यायला दोनदा विचारावं लागतं. तीच हिंदी मी सकाळी उठल्यापासून पोरावर सोडली. त्याने मराठीत पाणी मागितलं की मी ऐकूच न आल्यासारखं करायचो. "हिंदी में बोलो, फिर मिलेगा." बायकोने पहिल्याच दिवशी विरोध केला. मी तिला म्हणालो, मॅडमनी सांगितलंय, तुला काय जास्त कळतं? तिने माझा नाद सोडला. चार-पाच दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की ती बँकेतून आली की मुलगा तिच्या मागे मागे स्वयंपाकघरात जातो आणि तिथे दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत असतात. मी आत गेलो की दोघंही गप्प व्हायची.

शाळेला थंडीची सुट्टी लागली. बाहेर दुपारपर्यंत धुकं, घरात हीटर, आणि हीटरपाशी मी कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. एका सकाळी मुलगा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. पाय एकमेकांवर घट्ट दाबलेले. मी खुणेनेच विचारलं, काय? त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मी बोट दाखवून सांगितलं, थांब. तो थांबला. थोड्या वेळाने पाहिलं तर दारात थारोळं.

घरात असं कधीच झालं नव्हतं. मी डोक्यात राख घालून घेतली. मीटिंग तशीच सोडून उठलो आणि ओरडलो, "मुँह नहीं है क्या तुमको?" तो रडलाही नाही. वळला, बाथरूममध्ये गेला, त्याच्यापेक्षा उंच असलेला पोछा ओढत घेऊन आला आणि फरशी पुसू लागला. ते दृश्य आठवलं की मला आजही माझी लाज वाटते.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती स्वेटर काढता काढता थांबली. "त्याला बोलता येतं रे," ती म्हणाली. "तुझ्याशी बोलायचं त्याने बंद केलंय."

मी कानाला खडा लावला. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडण्याआधी त्याच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसलो आणि मराठीत सांगितलं, की बाबाचं चुकलं, आता तुला पाहिजे तसं बोल. त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "पाणीपण मराठीत?" त्याने विचारलं. मी म्हणालो, पाणीपण. मग जे सुरू झालं ते थांबेना. वर्गाच्या भिंतीवर तीन मासे आहेत, त्यातल्या एकाला डोळा नाही. मॅडमच्या बांगड्या वाजतात. एक मुलगा चावतो, पण रोज नाही. आणि मध्येच, मासा-बांगड्यांच्या ओघातच, तो म्हणाला, "तिथे सगळ्यांना सगळं येतं बाबा. मलाच नाही येत." मी त्याला जवळ घेतलं.

घरातला ओलावा त्या दिवसापासून थांबला. शाळेतला मात्र थांबला नाही. सुट्टी संपून शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात निळी पिशवी दोनदा दीदीच्या हातात दिसली. मी ती मुकाट्याने घेतली, मुलाला काही बोललो नाही. पण फेब्रुवारी तोंडावर आला होता आणि मनातल्या मनात मी दिवस मोजत होतो.

बोरन्हाणाची कल्पना माझी नव्हती. सांगलीहून सासूबाईंनी हलव्याचे दागिने कुरिअरने पाठवले होते. मुकुट, हार, बाजूबंद. बासरीही होती, तिचे मात्र वाटेत तीन तुकडे झाले. पाच वर्षांच्या आत करून घ्या, रथसप्तमी अजून गेली नाही, असा निरोपही होता. मला वाटलं, जे पोर चारजणांत तोंड उघडत नाही त्याला पाटावर बसवून डोक्यावर बोरं ओतायची म्हणजे आणखी छळ. बायको म्हणाली, "त्याला सांगलीतल्या गेल्या वर्षीच्या बोरन्हाणाचा व्हिडिओ रोज बघायचा असतो. तुला माहीत नाही, कारण तो स्वयंपाकघरात बघतो." मी तेलीबागेत जाऊन बोरं, ऊस, चॉकलेटं आणि चुरमुरे घेऊन आलो. चुरमुऱ्यांना इथे लइया म्हणतात. सांगलीच्या माणसाला दुसरीकडचे चुरमुरे आवडणं शक्यच नाही, पण पदरी पडलं पवित्र झालं.

रविवारी खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई त्यांच्या नातीला आणि गल्लीतल्या चार मुलांना घेऊन वर आल्या. ही नात माझ्या मुलाच्याच वर्गात. आल्या आल्या तिने जाहीर केलं, "अंकल, ये स्कूल में बोलता ही नहीं है।" तेवढ्यात घरमालकीणबाईंचं लक्ष पाटावरच्या मुलाकडे गेलं आणि त्या दारातच थबकल्या. "अरे, शुभ काम में बच्चे को काला पहना दिया?" संक्रांतीला आमच्याकडे काळंच घालतात, हे बायकोने समजावून सांगितलं. त्यांना पटलं नाही. मग स्वतःच तोडगा काढून म्हणाल्या, "चलिए, नज़र तो नहीं लगेगी।"

औक्षण झालं. बायकोने बोरं-चुरमुऱ्यांचं भांडं उचललं आणि मुलाच्या डोक्यावर ओतलं. बोरं टपटप फरशीवर पसरली, चॉकलेटं सोफ्याखाली गेली. आणि पाचही मुलं जागची हलली नाहीत. हात मागे बांधून, शहाण्यासारखी, कुणी वाढेल म्हणून उभी. खाली पडलेलं उचलायचं नसतं हे त्यांना घरी शिकवलेलं. घरमालकीणबाई तर झाडू कुठे आहे ते शोधू लागल्या.

चूक सर्वस्वी आमची होती. ही पोरं उत्तर प्रदेशातली आहेत, त्यांना बोरन्हाण म्हणजे काय ते कोण सांगणार? आम्ही दोघांनी गृहीतच धरलं, की बोरं पडली की मुलं तुटून पडतात. मी आता कोणत्या हिंदीत सांगावं याची जुळवाजुळव करत होतो.

तेवढ्यात पाटावरचा मुलगा उठून उभा राहिला. "अरे, देख क्या रहे हो?" तो ओरडला. "लूटो! सब लूटो! नीचे का लेना है, मम्मी नहीं डाँटेगी! सोफ़े के नीचे चॉकलेट है, जल्दी!" आणि त्याने स्वतः फरशीवर झेप घेऊन दाखवलं कसं करायचं ते. मग ती नात खाली बसली, तिच्यामागे बाकीची, आणि नुसता गोंधळ उडाला. "ये मेरा है", "इधर और है", "ऊस भी ले, गन्ना, गन्ना!" या सगळ्यात सगळ्यात मोठा आवाज कुणाचा होता हे मी आणि बायको भिंतीला टेकून ऐकत होतो. नात ओंजळभर बोरं घेऊन माझ्याकडे धावत आली. "अंकल, ये तो बोलता है!" ती म्हणाली, जणू मलाच ते माहीत नव्हतं.

आणि मग तो थांबला. लुटालूट चालू असतानाच मधे उभा राहिला, पाय एकमेकांवर दाबून. मी पुढे होणार तोच बायकोने माझा हात धरला. त्याने आजूबाजूला पाहिलं. बाथरूमच्या दाराशी घरमालकीणबाई होत्या. तो त्यांच्याकडे गेला, डोक्यावरचा हलव्याचा मुकुट काढला आणि पुढे केला. "दादी, मुझे सूसू आया है," तो म्हणाला. "मुकुट पकड़ो।"

त्या बिचाऱ्यांना यात काही विशेष वाटलं नाही. मुकुट दोन्ही हातांत धरून त्या उभ्या राहिल्या. आत नळाचा आवाज आला आणि इकडे माझा जीव भांड्यात पडला. डोळे पुसायला मी गॅलरीत गेलो.

तरी सोमवारी मी धास्तावलेलाच होतो. घर वेगळं, शाळा वेगळी. सवयीने जास्तीची चड्डी पिशवीत घातली आणि पिशवी दप्तरात. दुपारी गेटपाशी गेलो. दीदीच्या हातात काही नव्हतं. तिने दोन्ही पंजे उघडून मला दुरूनच दाखवले आणि या वेळी चारचौघींना ऐकू जाईल अशी म्हणाली, "भैया, आज ख़ुद बोला।"

मी तिथेच खाली बसून त्याचं दप्तर उघडलं. निळ्या पिशवीत चड्डी होती, कोरडी, मी सकाळी घातलेल्या घडीतच. "काय म्हणालास रे मॅडमना?" मी विचारलं.

तो घाईत होता. "बोल दिया ना, बाबा," तो म्हणाला, आणि त्या नातीचा हात धरून माझ्यापुढे घराकडे चालू लागला.